नाखवीन भात खात नाय

आमच्याकडं वाटेत कोन भेटलं तर जेवलीस का, असं विचारत नाय. भात खाल्लास का, असं विचारतात. माहेरी हेच ऐकलं, अर्नाळ्याला नांदायला आले तिथंपन हेच. अशा गावात डाक्टरनं मला भात बंद केला. भात सोड, मासळी खा, म्हनाला. आता कोनाला सांगितलं तर म्हनतात, मासळी खायला सांगितली तर बरंच झालं की, कोळनीला काय कमी. त्यांना आमच्या घरातलं वाढप माहीत नाय.

वाढप असं होतं. पयले पुरुष बसायचे. माझा नवरा, दीर, नि त्या दिवशी जे खलाशी असतील ते. मासळीचे तुकडे त्यांना. दर्यावर ते जातात, त्यांच्या अंगात ताकद पायजे. मंग पोरं. मंग सासू, तिला डोकं लागायचं, डोकं चोखत बसायची. मंग आम्ही दोघी जावा. आमच्यापर्यंत टोप यायचा तवा त्यात रस असायचा. रसात कधी सालीचा तुकडा, कधी काट्याला धरून राहिलेलं काय तरी. आम्ही ताटात भाताचा डोंगर करायचो, त्यावर रस ओतायचो नि खायचो. काम डोंगराएवढं, म्हनून भातपन तेवढा. ह्यात काय वाईट हाय असं तवा मलापन वाटत नव्हतं. सकाळभर पापलेट विकायची, हाताला पापलेटचा वास, नि पापलेट शेवटचं कधी खाल्लं ते आठवायचं नाय.

घरची बोट होती, इंजिन लावलेली. बोटीचा मालक तो नाखवा, म्हनून माझा नवरा नाखवा नि मी नाखवीन. बाहेरनं ऐकायला मोठं वाटतं.

आनीबानी उठली त्याच्या पुढचं साल असेल. बोट लागली की आम्ही बायका किनाऱ्यावर मासळी निवडायला बसायचो. ढिगात शिंगाला होता, त्याचा काटा माझ्या डाव्या पायाच्या बोटात गेला. शिंगाल्याचा काटा कोनाला लागत नाय? हळद भरली, वर चिंधी बांधली, कामाला लागले. दुसऱ्यांचं आठवड्यात सुकतं. माझं सुकेना. वरनं खपली धरायची, आत ओलंच.

तहान तर त्याच्या आधीपासून होती. मी आगाशीच्या बाजारात बसायचे. माझा तांब्या संपला की शेजारनीचा संपवायचे. शेजारीन म्हनायची, "दर्या पिऊन आलीस तरी तुझी तहान जायची नाय गो." पानी पिनं सोपं, पुढचं कठीन. बाजारात बायकांना आडोसा नव्हता. पुरुष कुठल्यापन भिंतीला उभे राहतात. आम्ही घरनं निघायचो ते परत येईपर्यंत दाबून बसायचो, सगळ्याच जनी, त्याचं कोनी काय बोलायचं नाय. मला दाबता येईना. एक दिवस गिऱ्हाइकाला मासळीचा कल्ला उघडून दाखवता दाखवता लुगडं ओलं झालं. मी मासळीवर शिंपडायचं पानी तसंच मांडीवर ओतून घेतलं नि म्हटलं, भांडं कलंडलं. गिऱ्हाइकानं पापलेट घेतलं नि गेलं. शेजारनीनं माझ्याकडं बघितलं नि तोंड फिरवलं. त्या दिवशी ठरवलं, डाक्टरकडं जायचं. पायासाठी नाय, ह्याच्यासाठी.

डाक्टर बाजारातच भेटायचा, करंदी घ्यायचा माझ्याकडनं. दवाखान्यात गेले तर त्यानं पाय बघितला नि पायाचं काय विचारलंच नाय. तहान विचारली, लघवीचं विचारलं, बाटली दिली. मंग काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात माझं थोडं टाकलं नि दिव्यावर धरलं. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, नि शेवटी कौलासारखं लाल.

"बाई, साखर आहे तुम्हाला."

"मी चहात पन कमीच घेते."

"चहातली नाही, रक्तातली. भात किती खाता?"

मी दोन्ही हात पुढं करून दाखवलं, एवढा. तो माझ्या हातांकडं बघत राहिला.

"दोन्ही वेळा?"

"सकाळी पेज पन."

त्यानं टेबलावरचं सगळं बाजूला केलं नि मला सावकाश सांगितलं, जसं पोराला सांगतात. भात बंद. पेज बंद. तांदळाची भाकरी बंद, पाव बंद, केळी नि गूळ तर बघायचापन नाय. अगदीच राहवलं नाय तर मुठीत मावेल एवढा भात. पोट भरायचं ते मासळीनं, अंड्यानं नि पाल्याच्या भाजीनं. गोळी देतो, पन नुसत्या गोळीनं होनार नाय.

"मासळी तर मी विकते," मी म्हटलं.

"मग?"

"खात नाय."

"मग तुमच्या घरची मासळी खातं तरी कोण?"

त्याला वाटलं मी मस्करी करते. मंग त्यानं पायाकडं बोट दाखवलं. म्हनाला, जखम अशीच राहिली तर बोट कापावं लागेल, आणि बोटावर थांबलं तर नशीब समजा. रक्तातली साखर मला कळली नाय. हे कळलं. डोक्यावर पाटी घेऊन चालायचं तर खाली दोन पाय लागतात.

त्याच संध्याकाळी घरात सांगितलं. पुरुषांचं जेवन झालेलं. नवरा नि दीर अंगनात जाळं शिवत बसलेले. सासू चुलीपाशी, जाऊ भांडी आवरत होती.

"आय, डाक्टरनं मला भात बंद केलाय."

"तो कोन बंद करनारा? त्याच्या घरचा खातेस?"

"साखर झालीय म्हने. भातानं वाढते."

सासूनं टोपातनं चिमूटभर भात घेतला, तोंडात टाकला नि चावून चावून खाल्ला. मंग दुसरी चिमूट जावेच्या हातावर ठेवली. "बघ गो, गोड लागतो का तुला?"

जाऊ म्हनाली, "मला तर अळनी लागतो."

"तोंडात नाय," मी म्हटलं, "पोटात गेल्यावर त्याची साखर होते, असं सांगितलं."

"पोटात जाऊन कोन बघून आला?"

अंगनातनं दीर बोलला, "वयनी, मंग थोडी काढून दे की. रेशनवर मिळत नाय."

सगळे हसले. मीपन हसले. खरं सांगायचं तर मलापन ते तेवढंच वेडं वाटत होतं. जन्मभर जे खाल्लं तेच मारतं, हे दुसऱ्याला समजवायचं कसं? मला तरी कुठं समजलं होतं. मी फक्त नळीतला रंग बघितला होता.

सासूनं हसता हसता डोळे पुसले नि विचारलं, "मंग काय खानार तू? वारा?"

जे सांगायचं ते सुनेच्या तोंडात शोभत नाय हे मला ठाऊक होतं.

"मासळी," मी म्हटलं. "मासळी, अंडी नि पाला."

हसनं थांबलं. सासूनं टोपावर झाकन ठेवलं. जोरात नाय, हळूच.

"असं सांग ना," ती म्हनाली. "तुकड्यावर डोळा हाय. त्यासाठी डाक्टरला कशाला मधी आनायचा?"

"आय, तसं नाय."

"नुसती मासळी मांजर खातं. मानूस भाताबरोबर खातो."

मी अंगनाकडं बघून म्हटलं, "तुम्ही सांगा आयला. पाय बघितलाय तुम्ही." नवऱ्यानं दातानं दोरा तोडला. म्हनाला, "बायकांचं बायकांत बघा." नि परत जाळ्यात हात घातला.

दुसऱ्या दिवशी सासूनं माझ्या ताटात भाकर टाकली. "भात नको ना, घे भाकर."

"तीपन तांदळाचीच ना, आय."

"भात पान्यात शिजतो, भाकर आगीवर भाजते. काय गोड असेल ते जळून जातं." ती हे टोचून बोलत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. माझ्यासाठी ती भाकर जास्त भाजायची, काळे डाग पडेपर्यंत, नि वरनं विचारायची, आता बरं वाटतंय का. मी ती खाल्ली, कारन दुसरं काय नव्हतं. डाक्टरकडं गेले, नळी परत कौलासारखी.

गावात बातमी गेली. पानवठ्यावर बायका माझ्याकडं बघून बोलायच्या थांबायच्या. एक म्हनाली, नाखव्याच्या घरातला तांदूळ संपला वाटतं. दुसरी म्हनाली, संपला नाय, नाखवीन मडमीन झाली. हे सासूच्या कानावर गेलं नि तिला ते फार लागलं. तिनं तांदूळ नसलेले दिवस बघितलेले. डोक्यावर सुकी मासळी घेऊन आतल्या गावात जायची, शेतकऱ्यांच्या दारात बसून मासळीवर तांदूळ घ्यायची. दुष्काळात रेशनची लाल ज्वारी आली ती आम्ही खाल्ली, तिनं ती रडत खाल्ली. तिला भात म्हंजे घर उभं हाय ह्याची निशानी होती. तिच्या सुनेनं तोच नको म्हटला. हे मला तवापन समजत होतं. पन मला समजून माझा पाय सुकनार नव्हता.

आता बोळिंजला नातवाच्या घरी नातसून भात खात नाय. बारीक व्हायचं म्हने. वाटीत काकडी घेऊन बसते नि सगळे तिला शाबासकी देतात.

बाजारातल्या माझ्या मैतरनी घरच्यांपेक्षा बऱ्या नव्हत्या. शेजारीन म्हनाली, "साखरेचा आजार शेठ लोकांचा. ते गादीवर बसतात, खातात नि झोपतात. तू कधी बसलीस गादीवर?"

"डाक्टर म्हनतो कोनालापन होतो."

"तो करंदी फुकट मागत असेल, म्हनून घाबरवतो."

"पैसे देऊन नेतो तो."

"मंग तर जास्तच घाबरवेल." नि सगळ्या हसल्या. "भात सोडून पाटी उचलून दाखव. आम्ही धरायला उभ्या राहतो."

माझ्या दुसऱ्या बाजूला वाडीवरची एक किरिस्ताव म्हातारी भाजी घेऊन बसायची. तिची माझी अदलाबदल जुनी. मी तिला मांदेली द्यायचे, ती मला चवळीचा पाला, माठ, मुळा द्यायची. तिला मी सगळं सांगितलं, साखरेचं, तुकड्याचं, झाकनाचं. तिनं ऐकून घेतलं. म्हनाली, "आमच्यात उपासाच्या दिवसांत लोक मटन सोडतात नि ईस्टरला दुप्पट खातात. तू भात सोडलास, तुझा ईस्टर कधी?"

"डाक्टरनं सांगितला नाय."

"मग तो कसला उपास."

तिचापन विश्वास नव्हता. मूठभर भातानं काय होतंय, असं ती शेवटपर्यंत म्हनायची. पन दुसऱ्या दिवसापासनं मांदेलीच्या बदल्यात पाल्याच्या जुडीत उकडलेली अंडी ठेवायला लागली. मला विश्वासापेक्षा अंडी बरी होती. चहावाल्याच्या शेगडीवर मी सुका बोंबील भाजून घ्यायचे, अंड्याबरोबर खायचे, पाला घरी नेऊन उकडून वाटीभर पोटात घालायचे. रात्री ताटात मूठभर भात घ्यायचे नि बोटांनी पसरून ठेवायचे, म्हंजे जास्त दिसावा. जाऊ बघायची. बोलली नाय. तिचं माझ्यावर तेवढं एक ऋन हाय असं मी मानते.

उन्हाळा सरेपर्यंत जखम सुकली. आधी कडेनं, मंग आत. तहान गेली. सकाळभर बाजारात कोरडी बसायला लागले. ते सुख काय असतं ते ज्याला तसं झालंय त्यालाच कळतं. डाक्टरनं नळी धरली, तर निळ्याचं हिरवं झालं नि तिथंच थांबलं. तो खूश झाला. मी घरी येऊन कोनाला सांगितलं नाय. पाय सुकला हे त्यांना दिसतच होतं. सासू म्हनायची, भाकरीनं गुन दिला.

मंग नारळी पुनव आली.

पावसात बोटी किनाऱ्यावर वर ओढलेल्या असतात. पुनवेला दर्याला नारळ द्यायचा, मंग बोटी परत पान्यात. आमच्या घरची चाल अशी, की त्या दिवशी गुळाचा नारळीभात करायचा नि पयलं ताट नाखविनीला. खलाशी समोर बसलेले. तिनं ते ताट सगळं संपवायचं, मंग त्यांनी हात लावायचा. तिच्या ताटात शीत उरलं तर बोटीला बरं नाय, असं मानतात. सासूनं सगळी वर्षं ते केलेलं, सासरा गेल्यावर माझ्याकडं आलं होतं.

मी आदल्या दिवशी सासूला म्हटलं, "आय, ह्या टायमाला धाकट्या सुनेला बसवा."

"ती नाखवीन हाय?"

"थोडा वाढा तरी."

"देवाच्या दारात मापं काढतेस?"

तिनं ताट भरलं. गूळ, खोबरं, वर तूप. भात तांबडा दिसत होता. मला नळीतला रंग आठवला. मी दोन घास खाल्ले. तिसऱ्याला हात थांबला. पानी प्यायले. खलाशी बघत होते, नवरा बघत होता, दारात शेजारच्या बायका होत्या. मी ताटावर दुसरं ताट पालथं घातलं नि म्हटलं, मंग खाते, नि आत घेऊन गेले. सासू काय बोलली नाय. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

बोट गेली. पयले काय दिवस बरी मासळी आली. मंग एकदा जाळं तळाला कशात तरी अडकलं. ओढून ओढून निघेना, शेवटी कापून टाकून यावं लागलं. अख्खं जाळं गेलं. असं दर साली कोनाचं ना कोनाचं होतं. दर्याखाली काय काय पडलेलं असतं, दगड, जुन्या बोटी. पन त्या साली ते आमचं गेलं.

खलाशांतला सगळ्यात जुना, सासऱ्याच्या वेळेपासनंचा, नवऱ्याला किनाऱ्यावर म्हनाला, "नाखवा, जाळं मागनं बघा. आधी घरातलं बघा." दुसऱ्या सकाळी दोन खलाशी आलेच नाय. तिसरा दुसऱ्याच्या बोटीवर बोलनी करून आला होता. मानसं नसली तर बोट म्हंजे लाकूड.

त्या संध्याकाळी नवऱ्यानं सगळ्या खलाशांना जेवायला बोलावलं, न आलेल्यांनापन. पुरुष बसले. मी वाढायला उभी राहिले, तर त्यानं मला हाक मारली नि सगळ्यांच्या मधी पाट दाखवला. पुरुषांच्या पंगतीत मी त्याच्या आधी कधी बसले नव्हते. त्यानं स्वतः टोप उचलला नि माझ्या ताटात भात वाढला. त्याला वाढायची सवय नव्हती, भात ताटाच्या बाहेर सांडला. वर पापलेटचा तुकडा ठेवला, मधला, मोठा.

"जेव."

"पायाचं ठाऊक हाय ना तुम्हाला?"

तो माझ्याकडं बघत नव्हता, जुन्या खलाशाकडं बघत होता. म्हनाला, "पाय तुझ्या एकटीचा हाय. बोटीवर ह्या सगळ्यांची घरं हायत."

ते खोटं नव्हतं. मी जेवले. शीत न शीत खाल्लं. सांडलेलंपन उचलून खाल्लं. सगळे बघत होते. इतक्या सालांनी पापलेटचा तुकडा तोंडात आला नि त्याला कसली चव होती ते मला सांगता येनार नाय.

दुसऱ्या दिवसापासनं सासू मला पडवीत जेवायला बसवायची, वाटेवरनं जानाऱ्यांना दिसेल असं. भाताचा ढीग घालायची, रस घालायची. तुकडा त्या एका दिवसाचा होता. कोनी वाटेनं गेलं की सासू मोठ्यानं म्हनायची, "अजून घे गो, लाजू नको." खलाशी परत आले. दीर मच्छीमार सोसायटीतनं जाळं घेऊन आला. नि त्या साली मासळी अशी लागली की ठेवायला पाट्या पुरेनात. म्हंजे त्यांचं खरं ठरलं.

किरिस्ताव म्हातारी अंडी आनायची, मी परत द्यायचे. वर भात, त्यावर अंडी, त्याचा काय उपयोग. तिनं एकदा विचारलं, "काय, झाला का ईस्टर?" मी म्हटलं, "हो, रोजचाच."

जखम आपोआप उघडली. काटा नाय, काय नाय. आधी काळा ठिपका, मंग भोक. दुखत नव्हतं. दुखत नव्हतं म्हनून घरात कोनाला ती खरी वाटेना, नि मीपन चिंधी बांधून बाजारात जात राहिले. तहान परत आली. वास सुटला तो घरात कोनाला कळला नाय, मासळीच्या घरात कोनाला काय कळनार. किरिस्ताव म्हातारीला कळला. ती एका सकाळी माझ्या बाजूला सरकली, नाक वर केलं नि हळू म्हनाली, "हा वास मासळीचा नाय, बाय." तिनं पाटी शेजारनीकडं सोपवली नि मला हाताला धरून डाक्टरकडं नेलं. डाक्टरनं चिंधी सोडली. नळी काढलीच नाय. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात जायला सांगितलं, आजच्या आज.

तिथं आधी बोटं काढली. मंग अर्धं पाऊल.

मी पडलेली असताना सासू नि नवरा आले. सासूनं इतक्या लांब डब्यातनं पेज आनली होती. मऊ, मीठ घातलेली, वर लोनचं. आजारी मानसाला आमच्याकडं पेजच देतात, दुसरं काय देत नाय. नर्सनं डबा उघडला नि बंद केला. सासू रडायला लागली. म्हनाली, "कसली मानसं ही. पाय कापतात, वर पेज देऊ देत नाय." नर्स मराठीच होती, रागावली नाय. तिनं नवऱ्याला विचारलं, "ह्यांना इतकी साखर होती तर घरात भात का देत होतात? तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं का?"

तो माझ्याकडं बघायला लागला. त्याला वाटलं मी काय तरी बोलून त्याला सोडवीन. इतकी सालं तेच करत आले होते.

"सांगितलं होतं," मी म्हटलं.

नर्सनं मान हलवली नि डबा घेऊन गेली. तो पलंगाच्या कडेला उभा राहिला, टोपी हातात घेऊन. नंतरपन कधी त्या गोष्टीवर बोलला नाय, नि मी काढली नाय.

घरी आले ती काठी घेऊन. अर्ध्या पावलावर पाटी तोलत नाय. बाजारातली माझी जागा जावेला गेली. शेजारनीनं तिला जागा दाखवली, गिऱ्हाइकं दाखवली. डाक्टर आता तिच्याकडनं करंदी घ्यायचा. मला चुलीपाशी एक बसकं स्टूल करून दिलं दिरानं. सासूचे डोळेपन वयानं अधू झाले होते, तिला टोपातलं दिसायचं नाय, म्हनून रांधनं नि वाढनं माझ्याकडं आलं.

कोन बघायला आलं की सासू दारात बसून सांगायची, "पुनवेचं ताट पालथं घातलं नि नुसती मासळी खाल्ली. अन्नाला लाथ मारली ना, पायच गेला." लोक माना हलवायचे. माझ्या पाठीमागे नाय, मी चुलीपाशी ऐकत असताना सांगायची. तिच्या मनात काय वाईट नव्हतं. अजून गावात माझी गोष्ट अशीच सांगतात, जवान पोरी पन. मी एकदा एकीला खरं सांगायला गेले. ती म्हनाली, जाऊ द्या आजी, झालं ते झालं.

इस्पितळातनं आल्यावरचा तो पयला दिवस, जवा मी वाढायला बसले. पुरुष ताटं घेऊन समोर बसलेले. खलाशीपन होते. मी टोपाचं झाकन काढलं, पयला तुकडा माझ्या ताटात काढला, नि दुसरा. मंग त्यांना वाढायला घेतलं. माझ्या ताटात भात नव्हता. सगळ्यांनी बघितलं. नवऱ्यानं बघितलं नि मान खाली घालून भात कालवायला लागला. आता मी पाटी उचलनार नव्हते, बाजारात जानार नव्हते, पुनवेच्या ताटावर धाकटीला बसवायचं ठरलं होतं. त्या घराला माझ्या पायाचं काय काम उरलं नव्हतं, म्हनून मी काय खाते त्याचंपन उरलं नाय.